मागची शीट

लीलाधर पटले वायुदलातून पेन्शनीत निघून कामठ्याला आला, त्याच आठवड्यातलं हे भांडण. आमच्या दोन घरांत एकच भिंत, तीही मातीची. कान लावायची गरजच नव्हती.

"तुमी मिस्त्री होते, विमानं पुसत होते. बसलो बसलो कायले सांगून राह्यले?" ही त्याची बायको, अन्नपूर्णा.

"बसलो वं, मिगमंधी, लढाईच्या विमानात. मागच्या शिटावर. साहेबानं एक दिवस नेलं."

"कॅलेंडरावरच्या मिगात एकच शीट दिसते. तुमी काय कॅरिअरवर बसले होते?"

मी पदर तोंडात कोंबून हसले. वायुदलाच्या तळावर फोटोची बंदी, तो पुरावा आणणार कुठून? पण ते कॅरिअर त्याला वीस वर्षं टोचत राहिलं.

साठी उलटल्यावर भाची प्रेरणानं त्याला खोक्यातलं मिग आणून दिलं. वीतभर, प्लास्टिकचे तुकडे चिकटवून बनवायचं. त्यातही शीट एकच! अन्नपूर्णा खोकाच घेऊन माझ्याकडे आली. "पाहा काकू, कंपनीवालेबी माह्याच बाजूनं."

मग त्यानं प्रेरणाकडून परदेशातली एक पुडी मागवली. कुण्या दुसऱ्याच हौशी माणसानं साच्यात ओतलेले रेझिन नावाच्या प्लास्टिकचे तुकडे, जुन्या खडूसारखे पिवळट. त्यात शिकवायच्या मिगाची लांब बैठक होती अन् शिटा दोन. ती बसवायला लीलाधर बारक्या करवतीनं चांगल्या विमानाची पाठ कापायला लागला, तेव्हा मी पुढं होऊन विचारलं.

"काऊन कापून राह्यला बाबू?"

"मले मागं बसाचं हाय, काकू."

रेझिनला साच्याचं तेल असतं म्हणे, रंग धरत नाही. म्हणून त्यानं तुकडे साबणाच्या पाण्यात धुतले अन् वाळायला उन्हात ठेवले. कशात? सुपात! ऐन निवडायच्या वेळी. अन्नपूर्णेनं न पाहता वरून तांदूळ ओतले. मोठे तुकडे हाताला लागले ते बाजूला काढले, पण एक शीट चिंचोक्याएवढी. खडा समजून दिली अंगणात भिरकावून.

लीलाधरनं उरलेली शीट तळहातावर घेतली. "आता एकच राह्यली. तूच खरी."

तो ओरडला असता तर तिनं चार शब्द परत दिले असते. हे तिला जड गेलं. तिनं सारं अंगण झाडलं अन् ती धूळ सुपानं पाखडायला बसली. कोंडा उडे, खडे मागं राहत. दुपार कलली. मी म्हटलं, "अवं सोड, खोटं असंल त्याचं."

"खोटं असतं तर खोक्यातलं होतं तसंच चिकटवलं असतं काकू. चांगली वस्तू कोण कापते?"

अन् सुपाच्या कडेला ती शीट आली. तिनं पदरानं पुसून नवऱ्याच्या हातावर ठेवली. वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "मागं बसून भेव लागला का?"

"लागला. उलटीबी झाली. साहेबाच्या मागंच."

आम्ही दोघी पोट धरून हसलो, तोही हसला. विमान देवळीत बसलं. त्या दिवसापासून संध्याकाळी दूध आणायला तो सायकल काढायचा, तेव्हा ती आतून हाक द्यायची, "मागच्या शीटवाले, काकूचा डबा घेतला का?"

गेल्या माघात लीलाधर वारला, त्या संध्याकाळीही तिनं हाक दिली अन् त्यानं घंटी वाजवली. दूध आणलं, माझा डबा भिंतीच्या खुंटीला अडकवला अन् झाकण नीट दाबलं.