तीन गल्ल्यांवरून आलेलं मूळ

सुनंदाबाईंचे मांडे अमळनेरात नावाजलेले आहेत आणि त्यांचा राग त्याहून जास्त. मळून मळून रबरासारखी केलेली कणीक, आत पुरण, ती पोळी दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत मोठी करायची आणि पेटत्या चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर टाकायची, हे काम त्या बावीस वर्षं करताहेत. नवरा तेलाच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि नवराही फार दिवस टिकला नाही. पदरात एक मुलगी. सासरच्यांनी "बघू, बघू" म्हणत दोन महिने काढले तेव्हा बाईंनी खापर विकत आणलं आणि परसात चूल मांडली. मुलीला शिकवलं, जळगावला दिली. आता धुळ्यापासून फोनवर ऑर्डरी येतात. एवढं करताना कुणापुढे हात पसरला नाही, बडबड मात्र भरपूर केली. चुलीपुढे बसणाऱ्या बाईचं डोकं थंड कसं राहील, असं त्या स्वतःच विचारतात.

गेल्या दिवाळीनंतर त्या बडबडीला नवा विषय मिळाला. धाकटा भाऊ, झुलाल.

झुलाल सव्वीस वर्षांपूर्वी सुरतेला गेला. इकडची निम्मी पोरं जातात, तसा तोही एक पत्र्याची पेटी घेऊन गाडीत बसला. मागावर बारा बारा तास उभा राहिला, भाड्याच्या खोलीत संसार केला. बायको सुलक्षणा तिथल्याच खान्देशी वस्तीत वाढलेली. मुलगा तेजस आणि मुलगी कामिनी तिथंच जन्मली. सुरतेत लोक त्यांना खान्देशी म्हणत आणि अमळनेरला आले की सुरती. झुलालच्या गालात कायम तंबाखूची पुडी. मागावर झोप येऊ नये म्हणून, असं तो सांगे. त्याच गालात गाठ आली, तर दाढ दुखते म्हणून सहा महिने लवंग धरून बसला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आता करण्यासारखं काही उरलं नाही, चार-सहा महिने आहेत, ह्यांना घरी न्या. घरी म्हणजे खोलीवर, असं कुणीही समजलं असतं. झुलालने बिऱ्हाड टेम्पोत भरलं आणि अमळनेर गाठलं.

बरं, आला तो आला. सख्खी बहीण गावात. तिची मागची खोली मुलगी सासरी गेल्यापासून रिकामी. तर ह्या शहाण्याने तीन गल्ल्या सोडून पत्र्याची खोली भाड्याने घेतली.

"बहीनना घर भाऊ ऱ्हास का कधी, अक्का?" तो म्हणाला.

भावाने बहिणीला द्यायचं, तिच्याकडून घ्यायचं नाही, हे त्यांच्या वडिलांचं वाक्य. वडील गेले, शेत गेलं, गिरणी गेली, पण हे वाक्य काही गेलं नाही. सुनंदाबाईंनी उशीखाली पैसे ठेवले, तर संध्याकाळी तेजस ते परत घेऊन दारात उभा. साखर-चहाचा किराणा भरून पाठवला, तर तो जसाच्या तसा परत आला, पिशवीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. आणि नातेवाईक? ते येत, झुलालच्या सुजलेल्या गालाकडे बघत, कुठल्या तरी गावच्या झाडपाल्याचा पत्ता देत आणि ज्याला घास गिळवत नव्हता त्याच्यापुढे डझनभर केळी ठेवून जात. केळी मात्र झुलालने परत पाठवली नाहीत. परक्यांची चालतात, बहिणीची साखर चालत नाही! बाईंनी ह्या गोष्टीवरून गल्लीतल्या प्रत्येक बाईचे कान किटवले.

त्यांना झोप लागत नव्हती ती वेगळ्याच कारणाने. झुलाल जाणार, हे त्यांनी मनाशी कबूल केलं होतं. मागे उरणाऱ्या तिघांचं काय? तेजसचं आयटीआयचं वर्ष बाकी, कामिनी बारावीला, सुलक्षणाला गावात ओळखणारं कुणी नाही. झुलाल आत्ता जे घेऊ देत नाही, ते तो गेल्यावर त्याची बायको घेईल का? ती तर नवऱ्याच्या शब्दाबाहेर पाऊल टाकणारी नव्हे.

मग बाईंना युक्ती सुचली. त्यांनी सुलक्षणाला कामावर ठेवलं. मजुरी काही मदत नसते. त्याला झुलालही नाही म्हणू शकला नाही.

पण सुलक्षणाने जन्मभर साड्यांना टिकल्या लावलेल्या. तिच्या हातावर मांडा दोन फेरे टिकायचा आणि मधोमध फाटायचा. रोज दहा, रोज पंधरा. फाटलेला मांडा गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, कामाला आलेल्या बाईने तो घरी न्यायचा, अशी ह्या धंद्याची रीत. तेव्हा सुलक्षणा रोज संध्याकाळी डबा भरून फाटके मांडे घरी न्यायची आणि बाई तिला पुरी मजुरी द्यायच्या. झुलालला दुसरं काही खाता येत नव्हतं. दुधात भिजवलेला मांडा तेवढा गळ्याखाली उतरायचा. बाई मनातल्या मनात खूश होत्या. फाटू देत, म्हणायच्या, फाटतील तितके बरे.

इथेच त्यांचं चुकलं. सव्वीस वर्षं मागावर काढलेला माणूस तो. कापडात एक दोष निघाला की मजुरी कशी कापतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? महिनाभर त्याने डबे बघितले आणि एक दिवस सुलक्षणाला घरी बसवलं.

बाई कणकेच्या हातांनी तशाच तीन गल्ल्या चालून गेल्या. झुलाल गालाला पंचा लावून खाटेवर बसला होता.

"रोज पंधरा फाटतस, तरी पुरी मजुरी?" तो सावकाश, एकेक शब्द सोडवत म्हणाला. "मी येडा शे का, अक्का?"

"येडाच शे तू!" बाई कडाडल्या. "घेवानं उनं का तुले रीत आठवस. आनी देवानं? सव्वीस आखाज्या गयात, एक डाव तरी मनं मूळ उनं का? तव्हय तुनी रीत कथी गयथी?"

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या सणाला खान्देशातल्या प्रत्येक सासुरवाशिणीला माहेरून मूळ येतं, म्हणजे भाऊ नाहीतर भाचा तिला न्यायला येतो. ज्या बाईला मूळ येत नाही, ती त्या दिवशी ओट्यावर बसत नाही. सुनंदाबाई सव्वीस वर्षं बसल्या नव्हत्या, आणि आजवर त्यांनी ते कुणाला बोलूनही दाखवलं नव्हतं.

झुलालने मान खाली घातली. सुलक्षणा रडायला लागली. बाई घरी परतल्या आणि चुलीपुढे बसून स्वतःलाच शिव्या देत राहिल्या. जिभेला हाड नसतं हे खरं, पण मरायला टेकलेल्या भावाला असं बोलायचं? मालक रजा देत नव्हता, तिकिटापुरते पैसे नसायचे, हे काय त्यांना माहीत नव्हतं?

दुसऱ्या दिवशी सुलक्षणा कामावर आली. झुलालनेच पाठवलं होतं, पण अट घालून: फाटलेल्या मांड्याची मजुरी घ्यायची नाही. म्हणजे निम्मीच मजुरी! बाईंनी कपाळावर हात मारला. ह्या माणसाला देव तरी समजावू शकेल काय? तरी त्या मुकाट्याने तिला हात कसा वळवायचा ते शिकवत राहिल्या. मुकाट्याने म्हणजे त्यांच्या मानाने.

आखाजी उजाडली. ऊन सकाळी आठलाच चटके देत होतं आणि बाईंकडे साठ मांड्यांची ऑर्डर होती. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, आणि नेमकी आजच सुलक्षणा आली नव्हती. बाई तिच्या नावाने खडे फोडत असताना दारात रिक्षा थांबली. तेजस उतरला. डोक्यावर बापाची टोपी, ती कानावर घसरत होती.

"आत्या, मूळ आलंय," तो म्हणाला. "पप्पांनी न्यायला पाठवलंय."

"आज? साठ मांडे कोण करील, तुझा बाप?"

"आणल्याशिवाय येऊ नको म्हणालेत."

आता मूळ आलं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? वीस मांडे झाले होते. बाईंनी चुलीतली लाकडं ओढली, हात धुतले आणि तीन गल्ल्यांसाठी रिक्षात बसल्या.

खोली सारवलेली होती. झुलालने धुतलेला सदरा घातला होता. तो त्याच्या अंगावर लोंबत होता. कामिनीने आत्याचे पाय धुतले. सुलक्षणाने पाट मांडला आणि झुलालने दोन्ही हातांनी त्यांच्या पदरात लुगडं घातलं. हिरवं, साधं, जरीची एक बारीक रेघ असलेलं.

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "मनाच मजुरीनं लुगडं मलेच?"

"तिना धड मांडासनी मजुरी शे ती," झुलाल म्हणाला. अर्ध्या तोंडाने तो हसला. "फाटेलनी नही."

मग आमरस आणि मांडे वाढले. मांडे सुलक्षणाचे, त्यामुळे तीन धड आणि दोन फाटके. बाईंनी फाटका उचलला.

झुलाल बहिणीकडे बघत होता. "सव्वीसनं एकच झायं, अक्का. इतलंच जमनं." तो दम घ्यायला थांबला. "आते तुले मांगस. मी गया का या तिन्हीसले मूळ धाडजो. यासनं माहेर आते तू."

एवढे महिने ज्याने साखरेची पिशवी परत पाठवली, तो मागत होता. बाईंचे डोळे भरून आले, आणि त्याचाच त्यांना राग आला.

"तू गयावर कशाले?" त्या ताटावरून उठल्या. "तेजस, रिक्षावाला गया का शे?"

"आहे, आत्या. परत सोडायचं म्हणून थांबवलाय."

"मंग बठ्ठा चाला. आत्तेच. सामान सांजले आनसूत. मना चाळीस मांडा बाकी शेतस, सुलक्षणा, तुना हात लागतीन."

"अक्का, बहीनना घर..." झुलाल सुरू झाला.

"मूळ उनं का नही म्हनता येत नही," बाई म्हणाल्या. "मी म्हनू का? मी उनू नं चूल सोडीसन? हाई बी रीतच शे."

झुलालने उठण्यासाठी तेजसपुढे हात केला.

मागच्या सीटवर ते चौघं कसेबसे मावले. सुनंदाबाई नवं लुगडं काखेत मारून रिक्षावाल्याशेजारी टेकल्या आणि घर येईपर्यंत खड्डे चुकव, मेल्या, खड्डे चुकव म्हणून त्याच्यावर ओरडत राहिल्या.