मेरीच्या दारावरची चुंबळ

शिवणक्लास म्हटला की चिंध्या आणि किस्से. दोन्ही टाकवत नाहीत, दोन्हींची गाठोडी पलंगाखाली वाढतच जातात! नव्वदच्या आसपास पनवेलला आमच्या दोन खोल्यांत मी क्लास घ्यायचे. शिक्षण चौथी पास. पण हातात कात्री असली की भलेभले गप्प!

समोरच्या दारात मेरी राहायची. दवाखान्यात नर्स, नवरा बोटीवर. तिचं आणि माझ्या सासूबाईंचं बिल्डिंगच्या नळावर वाजलं. का, तर मेरीनं आधी बादली लावली! गणपतीपासून दोघींचा अबोला.

डिसेंबरात मेरी म्हणाली, "मी नेरूळला खोली बघते. समोरचं दारच तोंड फिरवतं, तर राहू कशाला? यंदा नाताळचं चक्रसुद्धा लावणार नाही दाराला."

"खोली बघ नाहीतर महाल बघ," मी म्हटलं, "चक्र आम्ही लावणार!"

* * *

आता ते चक्र आमच्यात कुणी बघितलंय? मेरी सांगायची तेवढंच: गोल, हिरवा पाला, लाल फळं.

क्लासातली आमची कुसुम काज करता करता म्हणाली, "गोल? अगं बाई, असलं तर पुढारी गेला की त्याच्या अंगावर ठेवतात!"

"तू काज कर!"

* * *

गोल सांगाडा कुठून आणायचा? करंज्याची कोळीण हिराबाई मासे घेऊन आली. डोक्यावर टोपली, टोपलीखाली ही जाडजूड चुंबळ. माझी नजर तिथंच.

"बाय, मासं बघ. माजं डोकं काय बघतंस?"

"चुंबळ दे."

"नि टोपली काय तुज्या डोक्यावर ठेवू?"

दुसऱ्या दिवशी जुनी चुंबळ स्वतःहून घेऊन आली. वास असा, की चक्र पुरं होईपर्यंत बिल्डिंगमधली सगळी मांजरं क्लासला हजर! पोरींपेक्षा टायमावर!

* * *

पाल्यासाठी ब्लाउजच्या हिरव्या अस्तराच्या पट्ट्या कातरल्या. तसलं पोपटी अस्तर आता शोधून मिळत नाही. फळं म्हणजे उरलेल्या लोकरीचे गोंडे, मधेमधे जुन्या राख्यांची जर. झोकात झालं! मेरीच्या दाराला अडकवायला गेले, बघते तर खाली लिंबू-मिरची लोंबतेय.

"कुसुम, हे काय गं?"

"दाराला लावायचं ना? मग नजर नको लागायला?"

मी तोडायला हात घातला, तेवढ्यात ड्युटीवरून मेरी आली. बघतच राहिली. मग खेकसली, "हात नको लावूस! राहू दे!"

दार लावताना मात्र म्हणाली, "खोलीचं माझं ठरलंय हं."

* * *

सासूबाई तेव्हा आपट्याला लेकीकडे होत्या. नाताळच्या सकाळी परतल्या. जिना चढून वर आल्या, मेरीचं बंद दार आणि त्यावरचं गोल चक्र पाहिलं, आणि पिशवी टाकून मटकन खाली बसल्या.

"अगं मेरी! गेलीस गं! मी तापात पडले तेव्हा पोटच्या पोरीसारखी बसलीस उशाशी, आणि मी मेली बादलीवरून भांडले! आता नळावर भांडू कुणाशी? तू भर गं आधी! रोज तूच भर!"

बिल्डिंग गोळा झाली. मी सांगायला पुढे झाले, तर कुसुमनं माझा पदर ओढून धरला.

दार उघडलं. मेरी उभी, दोन्ही हात पिठानं भरलेले, डोळे लाल.

"आई," ती म्हणाली, "ते बादलीचं परत एकदा म्हणा. सगळ्यांसमोर!"