घर दिलं, छप्पर नाही दिलं

शिडीच्या मधल्या दांडीवर माझा पाय होता. डोकं नुकतंच वळचणीच्या वर निघालं होतं. एका हातात नवा कवेलू, भाजल्या मातीचं कौल. तेवढ्यात शिडी हलली.

"उतर."

खाली पाटील उभा. आमच्या गावचा मालगुजार. गावातली घरं ज्या जमिनीवर उभी आहेत, ती जमीनसुद्धा त्याचीच. तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणत आलो. कागदावर म्हणणार नाही. त्याच्या दोन गड्यांनी शिडीचे पाय धरले होते.

"पाटील, कवेलू फेरून राहिलो. पानी यायच्या आधी."

"ते दिसते मले. उतर."

"घर माझं आहे."

"घर तुले देलं. छप्पर नाही देलं."

गल्ली हसली. दारादारात माणसं होती, बाया होत्या. पाटलाला ते हसणं आवडलं. त्यानं अजून एक टोमणा दिला.

"बी. ए. झाला म्हणजे वांदर झाला का रे? कोतवालाच्या पोरा, आत राहा ना घरात. वर कायले जातं?"

मी उतरलो.

उतरलो, असं सरळ लिहितो. भांडलो नाही. गडी शिडी खांद्यावर टाकून घेऊन गेले. ती मी बांबू आणून स्वतः बांधली होती. हातातला कवेलू मी भिंतीशी हळूच ठेवला. दुसऱ्याचा माल फुटू नये म्हणून ठेवतात तसा.

मी बी. ए. आहे. हे मी पुन्हा पुन्हा लिहिणार. कोणाला खुपलं तर खुपू दे. आमच्या सगळ्या गणगोतात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बा कोतवाल होता. महारानं कोतवाल व्हायचं, डफडी वाजवून गावभर दवंडी द्यायची, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं. बा मेला आणि मागे डफडी राहिली. मायनं ती टाकली नाही. मी नागपूरला शिकलो. लढाई सुरू झाली, रेल्वेनं भरती काढली, आणि मी छोट्या लाइनवर, अर्जुनीच्या अलीकडच्या, आमच्याच गावच्या स्टेशनात मालबाबू म्हणून लागलो. गावाचं नाव लिहीत नाही. असं गाव एकच आहे असं कोणाला वाटायला नको.

महारवाड्यातली बाची झोपडी पडून गेली होती. स्टेशनात क्वार्टर एकच, त्यात स्टेशनमास्तर. भाड्यानं खोली मला कोण देणार? म्हणून घर घेतलं. पेन्शनीत निघालेल्या एका गार्डाचं, गावाच्या मधल्या गल्लीत. मातीच्या जाड भिंती, उन्हाळ्यात गार. सागाची दारं. मागे चिंच. वर कवेलूचं छप्पर. गार्ड रायपूरकडचा. चावी देताना म्हणाला, "हमने तो बेच दिया, बाबूजी. अब आप जानो और ये बस्ती जाने."

आमच्याकडे असं आहे, की घर विकणारा भिंती विकतो, लाकूड विकतो, कवेलू विकतो. खालची जागा मालगुजाराची. त्याचा होकार लागतो. पाटलानं होकार चटकन दिला. लढाईत मालगाडीचे डबे मिळत नव्हते आणि त्याचा तांदूळ धक्क्यावर पडून राहायचा. मालबाबू गावात असलेला बरा, एवढा त्याचा हिशेब. मला वाटलं, काळ बदलला. घर घेतलं म्हणजे छप्परही घेतलं असंच मी धरून चाललो. शिकलेल्या माणसाची चूक. मायला विचारलं असतं तर तिनं आधीच सांगितलं असतं.

कारण हे तिला आयुष्यभर माहीत होतं. दर वर्षी वैशाखात बा पाटलाच्या वाड्यावर कवेलू फेरायच्या कामाला जायचा. फुटके काढायचे, सरकलेले बसवायचे, नवे घालायचे. पण बाचं काम खाली. तो अंगणातून कवेलू वर फेकायचा, छपरावरचा माणूस झेलायचा. भट्टीत भाजलेल्या मातीला म्हणे विटाळ नाही. बाचा हात चालायचा. पाय चालत नव्हता. जन्मभर त्यानं गावाची छपरं खालून शाकारली, आणि एकाही छपरावरून गाव पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाटील स्टेशनात आला. तिथं मी 'बाबूजी'. खिडकीच्या पलीकडून मऊ आवाजात बोलला.

"राग नका ठेवू, बाबूजी. तुमच्या छपरावरून देवळाचा चौक दिसते. बायाइच्या न्हान्या दिसतात. अना तुमचे पाय वर, आमचं डोकं खाली. लोक आयकत नाहीत ना."

मग डब्याचं विचारलं. डब्यांच्या यादीत नंबर त्याचाच होता. मी डबा दिला. नियमानं दिला. आणि मान खाली घालून यादीतली पुढची नावं लिहीत राहिलो.

मंगरूकडे गेलो. गावात कवेलू फेरणारा तो. म्हटलं, तू चढ, मी खाली राहीन. त्यानं बिडी विझवली.

"बाबू, तुमच्या छपरावर चढलो तं उद्या मले दुसऱ्याच्या छपरावर कोन चढू देईल?"

त्याचं खोटं नव्हतं. मी परत आलो.

मग पाणी लागलं. झाडीपट्टीचं पाणी. तलाव भरले, धानाची रोवणी सुरू झाली, सगळा मुलूख हिरवा झाला, आणि माझं घर आतून गळायला लागलं. आधी एका कोपऱ्यात. मग चुलीवर. मग जिथं भांडं ठेवावं त्याच्या शेजारी. भिंतीला ओल चढली, ओलीवर बुरशी, दाराच्या चौकटीला वाळवी. माझ्या पुस्तकांची पेटी मी विटांवर उचलून ठेवली. मायनं बाची डफडी लुगड्यात गुंडाळून छातीशी धरली, मूल धरावं तशी.

"पेटीभर पुस्तकं वाचलीस," ती म्हणाली, "एक कवेलू नाही फिरवू शकलास."

ती दिवसभर थाळ्या उचलायची, पाणी फेकायची, पुन्हा मांडायची.

गावातून जाताना मी छत्री मिटून चालायचो. पाटलाच्या वाड्यापुढे उघडी छत्री चालत नाही. घरात आलो की छत्री उघडून बसायचो. हे कोणाला सांगितलं तर हसेल. स्टेशनमास्तरला सांगितलं होतं. तो हसला.

बायको भागरता पोटुशी होती. दिवस भरले ते ऐन झडीत. भुई चिखल झालेली, म्हणून मायनं तिला बाजेवर घेतलं. बाज कुठेही सरकवली तरी वरून धार. शेवटी माय ओरडली, "छत्री घेऊन आत ये!" बाळंतपणात पुरुष आत जात नाही. मी गेलो. भिंतीकडे तोंड करून, हात मागे ताणून, बायकोवर छत्री धरून उभा राहिलो. ती कण्हत होती. माझ्या मनगटावरून पाणी कोपरापर्यंत यायचं. घर माझं, छप्पर माझ्या डोक्यावर, आणि मी छत्री धरून उभा. त्या वेळी मला रडूसुद्धा आलं नाही. इतकं हलकं मला कॉलेजातही कोणी केलं नव्हतं, आणि तिथं मी वेगळ्या माठातलं पाणी प्यायलो आहे.

पोरगी झाली. तिच्या अंगावर पडलेलं पहिलं पाणी छपराचं होतं.

तिची पाचवी झाली आणि उघाड पडली. ऊन निघालं. चिंचेवरून वानरांची टोळी उतरली ती सरळ माझ्या छपरावर. धाडधाड कवेलू फुटायला लागले. आत बाजेच्या पायाशी एक खापर येऊन पडलं, पोरीपासून हातभर दूर. मी काठी घेऊन बाहेर धावलो.

समोरच्या ओट्यावर पाटील बसला होता. त्याच्या बाजूला दोन म्हाताऱ्या. त्यांनी हात जोडलेले. माझ्या छपराकडे बघून हात जोडलेले.

"ए, काठी खाली कर!" पाटील ओरडला. "मारुती होय तो. बसू दे त्याले. त्याच्या मनानं उतरंल."

एक म्हातारी उठली आणि माझ्या भिंतीशी चणे ठेवून गेली. मला वळसा घालून.

मी काठी खाली केली. आत आलो. भागरता उठून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कमी बोलणारी बाई. माझ्याकडे न बघता बोलली.

"माझी बाज घ्या. भितीले उभी करा. वळचण बुटकी आहे, पोचते."

"अना तू?"

"मी पेटीवर बसीन पोरीले घेऊन."

"ते ओढून नेतील. शिडी नेली तशी."

"बाळंतिनीची बाज?" ती म्हणाली. "ते? ओढू द्या ना."

माय हसली. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा हसली. मी शिकलेला, माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. महाराच्या बाळंतिणीची बाज. गावात तिला हात लावणारा माणूस नव्हता.

भागरता पोरीला घेऊन माझ्या पुस्तकांवर बसली. मी बाज बाहेर काढली, भिंतीला उभी केली, तिच्या दोरीत पाय खोवत चढलो. वानरं उडाली. माय खाली, उन्हाळ्यात आणून ठेवलेल्या कवेलूंच्या ढिगाशी उभी राहिली, पदर खोचून.

पहिला कवेलू तिनं फेकला. माझ्या हातून सुटला, फुटला.

"हात वर ठेव," ती म्हणाली. "ताटात भाकर येते तसा नाही येत तो."

दुसरा झेलला. मग येत गेले. बाचाच हात, तसाच खालून वर. आणि वर त्याचा पोरगा.

एकदा मी उभा राहिलो. ताठ. बघितलं. देवळाचा चौक दिसला. शेण पडलेलं, एक कुत्रं झोपलेलं. पाटलाच्या न्हाणीवर वाळत टाकलेलं फाटकं धोतर दिसलं. त्याच्या वाड्याचे कवेलू दिसले, त्यातही फुटके होते. पलीकडे तलाव. एवढंच. एवढ्यासाठी माझी पोरगी भिजली.

खाली माणसं जमली. पाटील गल्लीच्या मधोमध आला.

"उतर."

मी कवेलू बसवला.

"उतर म्हनलं ना! ओढा रे ती बाज."

गडी पुढे आले. बाजेजवळ आले आणि थांबले. एक दुसऱ्याकडे बघतो, दुसरा जमिनीकडे. शेवटी एक हळूच बोलला, "पाटील, बाळंतिनीची आहे."

पाटील सगळ्यात जवळ उभा होता. हात पुढे केला असता तर बाज त्याच्या हातात होती. मी वरून त्याच्याकडे बघत होतो. त्यानं हात मागे घेतला.

"कवेलू संपले की उतरीन," मी म्हणालो.

गर्दीत मंगरू होता. त्यानं मान वळवली आणि निघून गेला.

कवेलू अर्ध्या छपराला पुरले. बाकीचं तसंच राहिलं. पाणी पुन्हा लागलं आणि चुलीवरची धार पुन्हा सुरू झाली. बाजेवर मात्र पडलं नाही. दुकानदारानं आम्हाला मीठ-तेल द्यायचं बंद केलं. मी ते रेल्वेनं गोंदियाहून आणतो. कोणी बोलत नाही. रात्री भिंतीवर दगड येतात. पाटलानं माझ्या बदलीसाठी वर अर्ज केला आहे. तांदूळ त्याचा, ओळख त्याची. बदली होईल. मी काही करू शकत नाही. भागरता विचारते, मग घराचं काय. मी सांगितलं, विकणार नाही. मला कुठेही फेका, वैशाखात रजा काढून इथे येईन.

आणि चोरून चढणार नाही. बाजेचा आडोसा घेऊन तर नाहीच. तो त्यांच्या विटाळाचा आधार होता, माझ्या हक्काचा नव्हता. नवी शिडी बांधून ठेवली आहे. दारापुढेच ठेवली आहे, सगळ्यांना दिसेल अशी.

बाच्या डफडीचं कातडं ओलीनं सैल झालं आहे. मायनं ती चुलीवर टांगली आहे. वैशाखापर्यंत वाळेल. बानं जन्मभर पाटलाचे हुकूम या डफडीवर गावाला सांगितले. आता मी एक सांगणार आहे. देवळापासून सुरुवात करीन, वाड्यापुढे थांबून वाजवीन:

ऐका हो ऐका. कोतवालाचा पोरगा उद्या सकाळी आपल्या घराच्या छपरावर चढणार आहे. ज्याला बघायचं असेल, त्यानं मान वर करून बघावं.