कॉम्प्युटर तर बसवला, आता पुढं काय?

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी आणि माझा पार्टनर दिलीप, नागपूरच्या पलीकडं राज्याच्या हद्दीबाहेर असलेल्या बालाघाट शहरात दुकानदारांना कॉम्प्युटर बसवून द्यायचो. पेपरात, टीव्हीवर सगळीकडं कॉम्प्युटर कॉम्प्युटर चाललेलं. आपल्याकडं नसला तर आपण मागं राहू, अशी प्रत्येकाला धास्ती, म्हणून लोक घ्यायचे. घेतल्यावर त्याचं करायचं काय, हे त्यांना कळायचं नाही. आणि खरं सांगू का, पुष्कळदा आम्हालाही कळायचं नाही! नागपूरला एक कोर्स केला, त्यातला अर्धा समजला, एवढीच आमची शिदोरी. त्यामुळं किस्से असे साठत गेले, की आता दिलीप घरी आला रे आला की माझी बायको म्हणते, "चहा ठेवते भाऊजी, पण तो बसवाला किस्सा नको."

मग दिलीप बसवाल्यापासूनच सुरू करतो.

* * *

बस स्टँडजवळ बिसेनभाऊंचं नागपूरच्या खासगी बसचं बुकिंग होतं. दिलीपनं त्यांना स्वतः प्रोग्राम लिहून दिला. पडद्यावर अख्खी बस दिसायची. रिकामी सीट हिरवी, विकलेली लाल. बिसेनभाऊ खूश. आजूबाजूचे पानवालेसुद्धा बघून गेले.

थोड्याच दिवसांत फोन. "दिलीप, तुझं मशीन खराब निंघालं."

आम्ही गेलो. भाऊंनी एका लाल सीटवर टकटक करून दाखवलं. "हे पाह्य. ही सीट देऊनच नाही राह्यलं."

"भाऊ, ती तं विकली ना."

"हौ, विकली. आता दुसऱ्याले द्याची हाये."

"तसं नाही होत भाऊ. एक सीट एकाच माणसाले."

बिसेनभाऊंनी आमच्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं. "एकाच माणसाले? मंग धंदा कसा कराचा बाबू? हा वारासिवनीले उतरते. तिथून दुसरा बसते. आन् खिडकीची सीट मास्तरची. मास्तर येईन का नाही, त्याचं त्याले मालूम नाही. तो फक्त रुमाल ठेवाले सांगते!"

रुमाल प्रोग्राममध्ये कसा टाकायचा, हे काही आम्हाला कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. दिलीपनं डोकं खाजवून खाजवून शेवटी एक पिवळा रंग टाकून दिला. पिवळा म्हणजे रुमाल.

आठवडाभरात अख्खी बस पिवळी!

* * *

लालबर्ऱ्याच्या रस्त्यावर पटलेभाऊंची राइस मिल. उन्हाळ्यात त्यांच्याकडं कॉम्प्युटर बसवला आणि जाताना मीच बजावून सांगितलं, "भाऊ, याला थंड ठेवा. तापला की बंद पडतो."

बंद पडलाच. जाऊन पाहतो तर टेबलाखालच्या डब्याला चारी बाजूंनी ओलं पोतं गुंडाळलेलं, खाली परात, आणि बाजूला पाण्यानं भरलेला तांब्या.

"हे काय केलं भाऊ?"

"तुमीच तं सांगतलं. माठाले लावतो तसं लावलं. सकाळ-संध्याकाळ मी स्वोता पानी मारतो, नौकरावर भरोसा नाही ठेवला. पन हा थंडा होऊनच नाही राह्यला!"

दिलीप म्हणाला, "अहो भाऊ, त्याच्यात पंखा हाये. त्याले हवा लागते, पानी नाही."

"मंग हवा म्हनाचं होतं ना! थंड म्हन्लं की आमी पानीच समजतो."

दिलीपनं पोतं सोडलं. पोतं धानाचंच होतं. शिवणीत अडकलेले दाणे ओलाव्यानं आणि आतल्या उबेनं उगवले होते. हिरवे कोंब डब्याच्या फटीतून आतपर्यंत गेलेले!

आता हे दुरुस्त होतं की उपटायचं असतं, आम्हाला काही सुचेना. पटलेभाऊ मात्र खाली वाकले, एक कोंब बोटांत धरून पाहिला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"नाही बे, मशीन काही एवढं वाईट नाही. बियाण्याले तं मस्तच हाये!"

* * *

लालचंद सेठ कपड्याचे व्यापारी. बोलायला खणखणीत. गिऱ्हाइकानं "नाही" म्हणायच्या आत कापड फाडून मोकळे! त्यांच्या दुकानात कॉम्प्युटर बसवला आणि महिन्याभरात माणूस पार खचला. आवाज लहान झाला.

मला बोलावलं आणि पडद्याकडं बोट दाखवून हळूच म्हणाले, "बेटा, ये मुझसे ऐसे क्यों बात करता है?"

पाहिलं तर काही नाही. एक जुना माल यादीतून काढायचा होता, तर कॉम्प्युटर विचारत होता, नक्की काढायचा का? हो की नाही?

"सेठजी, हाँ दबा दो."

"हाँ तो मैं दबा दूँ. पर ये पूछता क्यों है? बिल बनाओ, तो पूछता है, पक्का? मिटाओ, तो पूछता है, पक्का? बंद करो, तो भी पक्का? इतने साल से दुकान चला रहा हूँ, बाप ने नहीं पूछा, बीवी ने नहीं पूछा. इसको कुछ मालूम है क्या, जो मुझे नहीं मालूम?"

तो प्रश्न पडद्यावर सकाळपासून तसाच होता. सेठजींनी मोठ्या भावाला विचारायला माणूस पाठवला होता. भावानं निरोप दिला होता, की घाई करू नको, संध्याकाळी घरी बसून ठरवू.

मी म्हटलं, सेठजी, मीच दाबून देतो. हात पुढं केला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"पक्का?"

आणि खोटं कशाला सांगू, माझंही बोट तिथंच थांबलं!

* * *

सुशीलाकाकूंचा पापड-मसाल्याचा गृहउद्योग. काका गेल्यावर त्यांनी एकटीनं उभा केलेला. मुलगा पुण्याला नोकरीला. त्याच्या आग्रहानं काकूंनी कॉम्प्युटर घेतला, फोनच्या तारेवरून इंटरनेट घेतलं, आणि आम्ही त्यांचा ई-मेल उघडून दिला. एका कागदावर पत्ता लिहिला, खाली पासवर्ड लिहिला.

पुढच्या वेळी गेलो तर दुकानावर नवी कोरी पाटी. पापडांचं चित्र, दुकानाचं नाव, खाली ई-मेलचा पत्ता. आणि त्याच्याखाली, तितक्याच मोठ्या लाल अक्षरांत, पासवर्ड!

मी ओरडलोच, "काकू! पासवर्ड कशाला लिहिला पाटीवर?"

"मग? पत्ता अर्धा लिहून कसं चालेल? चिठ्ठी पोहोचायला नको?"

मी घाईघाईनं टपाल उघडून पाहिलं. नागपूरच्या एका दुकानदारानं पापडाबद्दल विचारलेलं होतं, आणि त्याला झकास उत्तरही गेलेलं होतं. म्हटलं, "अरे वा, शिकलात की!"

"मी कुठं? मी लग्नाला बाहेरगावी होते. ते समोरच्या हार्डवेअरवाल्या अग्रवालांनी पाठवलं. त्यांच्याकडंही आहे ना कॉम्प्युटर. म्हणाले, बहनजी नव्हत्या, ऑर्डर कशाला जाऊ द्यायची!"

त्याच्याखाली मुलाचं पत्र होतं. "आई, तब्येत कशी आहे?" त्याचंही उत्तर गेलेलं. "तबियत ठीक है. घुटने में दर्द है. चिंता मत करना, बहू को आशीर्वाद." आणि त्यावर मुलाचं घाबरलेलं पत्र : "आई, तू हिंदीत का लिहायला लागलीस? सगळं बरं आहे ना?"

मी काकूंना वाचून दाखवलं. वाटलं, आता तरी चिडतील.

"काही चुकीचं नाही लिहिलं त्यांनी," काकू म्हणाल्या. "गुडघा दुखतोच माझा."

"काकू, मी आत्ताच पासवर्ड बदलून टाकतो."

"छे छे, वेडा आहेस का?" काकूंनी माझ्या हातावर चापट मारली. "शेजाऱ्यांना काय वाटेल!"

* * *

बैहरला तुरकरभाऊंचा फोटो स्टुडिओ. आमच्या भागात डिजिटल कॅमेरा घेणाऱ्यांत ते पहिल्या काही लोकांतले. फोटो सुंदर यायचे. पण पाकीट हातात घेतलं की गिऱ्हाईक आत बोटं घालून चाचपायचं आणि विचारायचं, "निगेटिव्ह?"

"निगेटिव्ह नसते याच्यात."

"नसते म्हंजे? फोटो काढला ना? मंग निगेटिव्ह कुठी गेली?"

तुरकरभाऊंनी आम्हाला विचारलं, निगेटिव्ह कुठं जाते? आम्ही जे काही समजावून सांगितलं, ते तिघांपैकी कोणालाच नीट कळलं नाही. शेवटी रोजच्या वादाला कंटाळून भाऊंनी तोडगा काढला. दुकानात जुन्या निगेटिव्हचं खोकं पडलं होतं. त्यातली एकेक पट्टी ते पाकिटात टाकायला लागले. लोक पट्टी उजेडात धरायचे, काळंपांढरं काहीतरी दिसायचं, समाधानानं घरी जायचे.

एका घरच्या बारशाचे फोटो त्यांनी असेच दिले. मग त्या घरच्यांनी नागपूरहून त्या पट्टीवरनं बाळाचा भलामोठा फोटो करून आणल्याचं भाऊंच्या कानावर आलं. खरं सांगून टाकावं म्हणून ते थेट त्यांच्या घरी गेले.

समोरच्या भिंतीवर सोनेरी फ्रेममध्ये दुसऱ्याच कोणाचं तरी बाळ! आणि त्याखाली बारशाचं बाळ रांगत होतं.

तुरकरभाऊंनी घसा खाकरला. तेवढ्यात आजी कौतुकानं म्हणाली, "पायलं का भाऊ? रंग थोडा येगळा आला. पन नाक तं पाह्य, अगदी आमच्याच घरचं!"

भाऊ चहा पिऊन परत आले.

* * *

आमच्या गावात वामनकाकांचा छापखाना होता. जन्मभर अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक जुळवून लग्नपत्रिका छापल्या त्यांनी. आम्ही त्यांना कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकवलं, आणि काका हरखून गेले. पहिली रंगीत पत्रिका आली ती तिरोडीच्या मेश्रामभाऊंची. मेश्रामभाऊ तिथल्या खाणीत नोकरीला. एकुलत्या एक मुलीचं लग्न. वर बुद्धांचं चित्र, खाली सुरेख अक्षरं. काकांनी स्वतः चार वेळा तपासली. रंगीत छपाई नागपूरला व्हायची, म्हणून फ्लॉपी तिकडं पाठवली. गठ्ठा तिकडून बसनं परस्पर तिरोडीला गेला.

लग्नाच्या आदल्या दिवशी वामनकाका धापा टाकत आमच्या दुकानात आले. हातात पत्रिका. मेश्रामभाऊंनी त्यांनाही आमंत्रण पाठवलं होतं.

"सतीश, हे वाच."

मला वाचताच येईना. बुद्धांचं चित्र झकास होतं. पण खाली एकही मराठी अक्षर नाही! उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं, मधेच कंस, मधेच टक्क्याची खूण, टिंबं, स्वल्पविराम. नागपूरच्या कॉम्प्युटरमध्ये आपला मराठी फॉन्टच नव्हता. त्यांनी जसं दिसलं तसं छापून टाकलं होतं. नाव नाही, तारीख नाही, वेळ नाही, गाव नाही. कुठल्याच भाषेत काहीच नाही!

"आता त्या पोरीच्या लग्नाला कोण येणार रे?" काका खुर्चीत बसले. "अक्षर छापायचं काम केलं मी आयुष्यभर."

मेश्रामभाऊंकडं फोन नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस धरून आम्ही तिघं तिरोडीला निघालो. हात जोडायचे, पाय धरायचे, एवढं काय ते ठरलं होतं. उतरून चालायला लागलो, वळण घेतलं आणि थांबलोच.

मांडव गच्च भरलेला! तुमसरचे पाहुणे, गोंदियाचे, भंडाऱ्याचे, उकव्याच्या खाणीतली मित्रमंडळी. बाहेर सायकलींची रांग. आत जेवणाच्या पंगतीची तयारी. आणि मेश्रामभाऊ धावत येऊन काकांच्या गळ्यात पडले. "काका! काय पत्रिका छापली! गावोगाव स्वोता फिरून वाटली. सारं गाव म्हनून राह्यलं, कॉम्प्युटरची हाये!"

काका मांडवाच्या कडेला एका खुर्चीवर टेकले. शेजारी डोक्याला पांढरा दुपट्टा बांधलेले एक म्हातारे बाबा बसले होते.

काकांनी विचारलं, "बाबा, कुठून आले?"

"भंडाऱ्याकडून. पोरगी आमच्या नात्यातली हाये."

"तुम्हाला कोणी सांगितलं, लग्न आज आहे म्हणून?"

"कोनी काहून सांगन?" बाबांनी खिशातून पत्रिका काढली, नीट उलगडली, आणि काकांसमोर धरून कंस आणि टक्क्याच्या खुणांच्या एका ओळीवर बरोब्बर बोट ठेवलं.

"हे काय, लिहलं हाये ना. दुपारी बारा वाजता."