आधी गार होऊ द्या

वहिनींचं डोकं फिरलं ते मंगळवारी, आणि कारण त्यांचे धाकटे दीर. वहिनी त्यांना भावजी म्हणत, आणि त्या दिवसापर्यंत मानानं म्हणत.

वहिनी इस्त्रीवाल्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांची खोली, खोलीत एक लांबलचक टेबल, टेबलावर जुन्या चादरींची गादी, दोन इस्त्र्या, आणि पलीकडे स्टुलावर घड्या घालत बसलेले त्यांचे यजमान. यजमानांना लांबचं दिसत नाही. शर्टाचं सुटायला आलेलं बटण त्यांना आदल्या दिवशी कळतं, पण दारातून आला तो गिऱ्हाईक आहे की पावती फाडणारा, हे बायकोला विचारावं लागतं. एकदा इस्त्री चालू राहून कुणाचा तरी नवा कोट जळाला होता. तेव्हापासून घराचा नियमच झालेला, खोली सोडताना यजमानांनी चाचपत चाचपत जाऊन जे जे चालू असेल ते ते बंद करायचं. या नियमाची आठवण ठेवा, पुढे तोच अंगाशी येणार आहे.

घर चालायचं ते पुलापलीकडच्या लॉजच्या जिवावर. चादरी आणि नोकरांचे शर्ट, आठवड्याचं सगळं काम सोमवारी सकाळी सातच्या आत पोचलं पाहिजे. एक मिनिट उशीर झाला तर काम दुसऱ्याला, असा तिथल्या मॅनेजरचा खाक्या. ने-आण भावजी करायचे, आपल्या स्कूटरवरून, आणि त्याबद्दल वाटाही घ्यायचे. त्याला कुणाची ना नव्हती. पण या सोमवारी त्यांनी वहिनींच्या गाठोड्यावर स्वतःचा तेलाचा डबा ठेवला, आणि सहा चादरी डागांसकट परत आल्या.

"भावजी, डबा पायाशी ठेवला असता तर?" वहिनींनी विचारलं. एवढंच हो! पण भावजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मी आहे म्हणून तुमचं चाललंय, वहिनी. माझ्याशिवाय ते गाठोडं पुलापलीकडे नेऊन दाखवा. रविवारच्या आत माझ्या दारात आला नाहीत, तर नाव बदलीन!"

"मग आत्तापासून शोधायला लागा," वहिनी म्हणाल्या. "चांगली नावं पटकन सुचत नाहीत."

भावजी पाय आपटत गेले. यजमानांच्या हातातली घडी हातातच राहिली. "अगं, पण नेणार कशी?"

"मोटरसायकल घेऊ. जुनी, छोटी."

"चालवणार कोण?"

"तुम्हाला दिसतंय का? मग मीच."

शिकाऊ परवाना लेकीनं सासरी जाण्याआधी हट्टानं काढून दिला होता, तो कपाटात पडून होता. गाडीला मात्र वहिनींनी जन्मात हात लावलेला नव्हता. डब्यात साठवलेले पैसे निघाले, आणि बुधवारी दुपारी दोघं जुन्या गाड्यांच्या दुकानात हजर झाली.

दुकानदाराला सगळे सायलेन्सर म्हणत, कारण त्याचं तोंड कधी बंद नसे. त्यानं थेट यजमानांना गाठलं. "या काका! ही बघा, लाल परी! काचेसारखी ठेवलीय!"

"मला काय दाखवता, मला सगळं धुकंच दिसतं," यजमान म्हणाले. "हिला दाखवा."

सायलेन्सरनं वहिनींकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच खुलला. सोपं गिऱ्हाईक! त्यानं किक मारली. गाडी पहिल्याच दणक्यात सुरू. "बघितलंत? अर्धी किक, वहिनी!" असं म्हणून त्यानं ती ऐटीत बंद केली.

वहिनींनी काय केलं असेल? इस्त्री तापली का बघायला त्या रोज जे करतात तेच. कोपऱ्यातल्या माठातल्या पाण्यात बोटं बुडवली आणि इंजिनावर शिंपडली. चर्रर्र!

"आत्ता तर सुरू केलीत, मग एवढी तापली कधी?"

"उन्हात उभी होती ना."

"ऊन वरून लागतं, भाऊ. हिची सीट गार आहे आणि पोट तापलंय. आम्ही यायच्या आधी चालवून ठेवलीत. आधी गार होऊ द्या, मग सुरू करून दाखवा."

"अहो, तास-दीड तास लागेल! एवढं कुणी थांबत नाही."

"मी थांबते. दिवसभर उभीच असते, आज बसायला मिळालं."

आणि वहिनी टायरांच्या चळतीवर बसल्या की हो! सायलेन्सरनं घाई करून पाहिली, गोड बोलून पाहिलं, दुकान बंद करायची भाषाही केली. पण त्याची डाळ काही शिजली नाही. बसल्या बसल्या वहिनींनी लाल परी डोळ्यांखालून घातली. रंग नवा, सीट नवी, पण पाय ठेवायचं रबर पार गुळगुळीत झिजलेलं.

"चकचकीत करणं हा आमचाही धंदा आहे," त्या म्हणाल्या. "विटका शर्ट असा करून देते की माणूस मुलगी बघायला जाईल. पण कॉलर उलटून पाहिली की सगळं कळतं. हे रबर म्हणजे हिची कॉलर."

दीड तासानं पुन्हा पाणी शिंपडलं. आवाज नाही. मग सायलेन्सर किक मारायला लागला. पाच झाल्या, दहा झाल्या, शर्ट पाठीला चिकटला, आणि चौदाव्या किकला गाडी एवढा धूर ओकली की यजमान म्हणाले, "हे मात्र मला दिसतंय."

कोपऱ्यात एक फिकट हिरवी गाडी धूळ खात होती. टाकीला पोचा, रंग उडालेला. निवृत्त झालेल्या पोस्टमनची.

"ती नको वहिनी, दिसायला अगदीच..."

"मला तिच्याशी सोयरीक करायची नाही. मारा किक."

गार गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली. वहिनींनी सायलेन्सरलाच ती चालवायला लावली, ब्रेक मारायला लावले, दिवे लावायला लावले. शेवटी गुडघे टेकून इंजिनावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी एकेक आकडा जुळवून पाहिला. कपड्यांवरच्या खुणा वाचण्यात हयात गेलेली, तिथं कुणाची लबाडी चालणार! सायलेन्सरनं हात टेकले. पैसे मोजून दोघं गाडी ढकलत निघाली, तेव्हा त्यानं पेट्रोलचा खटका दाखवला. खाली केला की चालू, आडवा केला की बंद. एवढं बोलून तो पहिल्यांदाच गप्प बसला.

गुरुवारपासून शाळेमागच्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. शिकवणारे यजमान. डोळे अधू व्हायच्या आधी त्यांनी बरीच गाडी चालवलेली, त्यामुळे तोंडी शिक्षण फक्कड. "क्लच हळू सोड, हळू, अगं हळू!" आणि वहिनी धप्पकन जमिनीवर. पहिल्या दिवशी चारदा पडल्या. गुडघा सोलला, कोपर सुजलं. शनिवारी भावजी दोन मित्रांना घेऊन तमाशा बघायला आले.

"वहिनी, हट्ट सोडा! माझं दार उघडं आहे!"

वहिनींना रडू आलं होतं, खोटं कशाला सांगायचं? पण ते त्यांनी गिळलं, गाडी उचलली आणि पुन्हा वर बसल्या. रविवारी संध्याकाळी त्यांना पहिला आणि दुसरा गिअर जमत होता. तिसऱ्याच्या वाटेला त्या गेल्याच नाहीत.

सोमवारी सव्वासहाला गाडीच्या दोन बाजूंना दोन गाठोडी बांधली, यजमान मागे बसले, आणि निघाली स्वारी. पुलाच्या पायथ्याशी भावजी स्कूटरला टेकून उभेच होते. त्यांनी थांबा म्हणून हात केला. वहिनी थांबल्या नाहीत. एक तर थांबायचं नव्हतं, आणि दुसरं म्हणजे चढावर थांबून पुन्हा निघणं त्यांना अजून येत नव्हतं.

आणि पुलाच्या ऐन मध्यावर गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली.

वहिनींनी किक मारली. काही नाही. दुसरी, पाचवी, आठवी. पावणेसात झाले. भावजी स्कूटर घेऊन शेजारी येऊन उभे राहिले, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "द्या गाठोडी इकडे. फक्त एकदा म्हणा, चुकलं माझं."

लॉज गेलं तर घर गेलं, हे वहिनींना कुणी सांगायला नको होतं. चुकलं म्हणायला असा कितीसा वेळ लागतो? पण तोंड उघडलं ते भलत्याच कारणानं. बुधवारी गार असताना तिसऱ्या किकला सुरू झालेली गाडी गरम असताना का रुसावी? कुणीतरी काहीतरी केलंय! त्या मागे वळल्या.

"अहो, निघताना काय काय बंद केलंत?"

"सगळं," यजमान अभिमानानं म्हणाले. "दोन्ही इस्त्र्या, दिवा, पंखा, आणि गाडीचा तो खालचा खटका. चालूच ठेवला होतास तू!"

म्हणजे नळीत उरलं होतं तेवढ्याच पेट्रोलवर गाडी पुलापर्यंत आली होती! वहिनींनी कपाळावर हात मारला, त्याच हातानं खटका खाली केला, दहा आकडे मोजले आणि किक मारली. दुसऱ्या किकला हिरवी गाडी धडधडायला लागली.

"सरका, भावजी. क्लच सोडतेय, कुठेही जाईल."

भावजी स्कूटरसकट कठड्याला चिकटले.

सातला चार कमी असताना वहिनी लॉजच्या दारात पोचल्या. मॅनेजरनं चादरी उलगडून पाहिल्या, मान डोलावली आणि विचारलं, "आज ते मालक नाही आले? इस्त्रीला एक बाई ठेवलीय म्हणायचे."

बाह्या वर सारून वहिनींनी चटक्यांनी भरलेले दोन्ही हात समोर धरले. "ती बाई मीच. मालकही मीच. आणि बाहेर उभी आहे ती गाडीसुद्धा माझीच. यापुढे माझ्याशीच बोलायचं."

परत निघाल्या तेव्हा फाटकाशी भावजी उभे होते. मागोमाग आले होते, कशाच्या आशेनं ते त्यांनाच ठाऊक. वहिनींनी गाडी त्यांच्याशेजारी आणली आणि अगदी गोड आवाजात विचारलं:

"मग, नाव काय ठरलं?"