पुसलेलं इष्टलिंग

करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा थोरला भाऊ आजारी पडला. मानवतला त्याचं किराणा दुकान आहे. मी परभणीत एका दैनिकाचा बातमीदार. आमचं घर लिंगायत. दीक्षेत मिळालेलं इष्टलिंग चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधतात. ते जन्मभर अंगावर असतं, आणि मेल्यावर तळहातावर ठेवून सोबत पुरतात.

दवाखान्यात जायला तो तीन दिवस तयार नव्हता.

"तितं पैले गळ्यातलं काढतेत. मंग सुई देऊन मारतेत. मोबाईलवर समदं आलंय. तुमी पेपरवालेच छापत न्हाई."

"अण्णा, असल्या अफवांच्याच बातम्या मी रोज करायलोय."

"मंग शब्द दे."

गळ्यातल्या दोऱ्याला कुणी हात लावणार नाही, असा शब्द मी दिला. दवाखान्यात कुणाला विचारलं नव्हतं.

छातीच्या सीटी स्कॅनआधी अंगावर धातू नको म्हणून नर्सने दोरा कापला. तिचं काही चुकलं नाही. डबी पारदर्शक पिशवीतून माझ्याकडे आली. त्या दिवसांत आम्ही दुधाच्या पिशव्याही पुसून घेत होतो. मी डबी सॅनिटायझरने पुसली. मग उघडून आतलं इष्टलिंग पुसलं, तीनदा. कापूस काळा होत गेला. मळ निघतोय असं मला वाटलं. निघत होता तो इष्टलिंगावर मुळातच असणारा काळा लेप.

सोळाव्या दिवशी भाऊ घरी आला. मी डबी नव्या दोऱ्यात बांधून त्याच्या हातात दिली. त्याने उघडली आणि बराच वेळ पाहिलं.

"हे माझं न्हाई. बदललंय त्येंनी."

"अण्णा, मीच पुसलंय. सॅनिटायझरनं लेप गेला."

"असं सांगायला तुला कुनी लावलं?"

वहिनी मधे पडली. "साखरंत एक खडा कमी आला तर कळतंय तुमाला, आन सख्खा भाऊ खरं बोलायलाय ते कळंना व्हय?"

तो हसला नाही. आधी तिच्या अशा बोलण्यावर तो हसायचा.

दुकान बंद पडलं. दवाखान्यातून आलेला माणूस आपण नव्हेच, असं तो गिऱ्हाइकांना सांगू लागला होता. मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या. त्या कुंडीतल्या मातीत सापडल्या. मठातले स्वामी नवं इष्टलिंग घेऊन आले. भाऊ त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "माझं कुटं ठिवलंय, तेवढं सांगा."

आता तो रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून पूजेला बसतो. डावा हात पुढे धरतो. तळहातावर काही नसतं. त्यावर पाणी घालतो, बेलाचं पान ठेवतो, डोळे मिटतो. पाणी बोटांतून खाली सांडतं. रविवारी मी मानवतला जातो, तेव्हा हाताखाली ताटली धरायचं काम माझ्याकडे असतं.

गेल्या रविवारी पूजा झाल्यावर त्याने बऱ्याच महिन्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुमा पेपरवाल्यायला आतलं कळतंय. लागला का काही पत्ता?"

त्याने नाकारलेली डबी माझ्या शर्टाच्या खिशात होती. ती मी दर खेपेला सोबत नेतो.

"न्हाई, अण्णा," मी म्हणालो. "शोधायलोय."

"बरं," तो म्हणाला आणि ताटलीतलं पाणी तीर्थ म्हणून माझ्या हातावर घातलं.