शिट्टी न वाजवता घेतलेली परीक्षा

“शी इज रेडी, मेट. आता फक्त तुझी सही राहिली आहे,” व्हिडिओ कॉलवर क्रेग म्हणाला.

क्रेग हा क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरील एका मरीन पार्कचा मॅनेजर. ‘शी’ म्हणजे पर्ल, त्यांच्या तलावात ठेवलेली पायलट व्हेल. काळीभोर, गोल कपाळाची, कळपाने राहणारी ही जात आहे. पर्ल लहान असताना आजारी अवस्थेत वाळूवर अडकली होती. ती बरी होईपर्यंत तिला ठेवून घेण्याचा परवाना आमच्या विभागाने पार्कला दिला होता. ते ‘बरी होईपर्यंत’ लांबत लांबत महामारीच्या काळापर्यंत येऊन पोहोचले.

मी कॅनबेरात वन्यजीव परवान्यांचे कायदेशीर काम पाहत असे आणि त्या दिवसांत गुंगालिन या उपनगरातल्या घरातून, पायाशी हीटर लावून, ऑफिस चालवीत असे. परवान्याच्या अटी पूर्ण झाल्या आहेत की नाहीत, हे तपासून डायरेक्टरकडे शिफारस करणे हे माझे काम. एवढेच काम, परंतु ते पूर्ण केल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे मी मानतो. त्यामुळे मला मित्र कमी होते.

घाई कशाची होती, तेही सांगतो. लॉकडाऊनमुळे पार्क बंद पडले होते. बहुतेक कर्मचारी घरी बसवलेले. त्यातच पायलट व्हेलचा एक कळप किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर दिसल्याची खबर आली. एकट्या व्हेलला समुद्रात सोडणे म्हणजे तिला टाकून देणे होय; कळप जवळ असतानाच तिला सोडावे लागते. म्हणून त्याच आठवड्यात पर्लला बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर, चढवून नेण्याची योजना होती. शिवाय स्वतः घरात कोंडलेल्या जनतेला एकाएकी देवमाशाचा बंदिवास जाणवू लागला होता. विभागाकडे ईमेलचा पाऊस पडत होता: तिला मुक्त करा.

अट मात्र स्पष्ट होती. प्राणी माणसाला प्रतिसाद देत नाही, हे सोडण्यापूर्वी सिद्ध झाले पाहिजे. या अटीचे कारण साधे आहे. माणसाळलेली व्हेल समुद्रात गेल्यावर खोल बुडी मारून शिकार करीत नाही. ती दिसेल त्या बोटीपाशी येऊन तोंड उघडते. मग ती प्रॉपेलरखाली तरी सापडते, नाही तर कुठल्या तरी जेटीजवळ उपाशी मरते.

पार्कच्या व्हेट डॉ. वृषाली कांबळे यांचा अहवाल मला मिळाला होता. पर्ल जिवंत मासे पकडते. गेले काही आठवडे ती कर्मचाऱ्यांजवळ येत नाही, तलावाच्या लांबच्या टोकाला राहते. निष्कर्ष: माणसावरचे अवलंबित्व संपले आहे. अहवाल प्रामाणिक होता. मी सोबतचे व्हिडिओ पाहायला बसलो.

व्हिडिओत दरवेळी तेच दिसत होते. मास्क लावलेला कर्मचारी येतो, कठड्यावरून मासे पाण्यात ओततो आणि निघून जातो. पर्ल दूरच राहते. तो गेल्यावर येऊन खाते. प्रत्येकाच्या छातीवर दोरीला एक शिट्टी लटकत होती. एकाही व्हिडिओत एकानेही ती वाजवली नव्हती.

सागरी प्राण्यांच्या प्रशिक्षणात या शिट्टीला ‘ब्रिज’ म्हणतात. प्राण्याने योग्य ते केले की शिट्टी वाजते आणि पाठोपाठ मासा मिळतो. काही महिन्यांत शिट्टी हीच प्राण्याच्या लेखी माणसाची हाक होऊन बसते. मी क्रेगला फोन करून विचारले, शिट्टी का वाजवत नाही? त्याला प्रश्नच विचित्र वाटला.

“मास्क, मेट. मास्क लावून कशी वाजवणार?”

मी फोन ठेवला आणि पत्र लिहायला घेतले. ते डायरेक्टर, पार्कचे संचालक मंडळ आणि व्हेट अशा तिघांना पाठवले. त्यातला मुख्य मुद्दा असा: ज्या प्राण्याला कुणी बोलावलेच नाही, तो आला नाही, याला पुरावा म्हणत नाहीत. अटीत ‘सिद्ध’ हा शब्द आहे. आपण आरोग्यविषयक नियम पाळलात, त्याबद्दल अभिनंदन. परंतु त्या नियमाचा परिणाम प्राण्याच्या प्रगतीच्या खात्यावर मांडण्याचा आपणांस अधिकार नाही. शिट्टी वाजवून परीक्षा घ्यावी. तोपर्यंत माझी शिफारस नकाराची समजावी.

डायरेक्टर हेलन ही शांत बाई होती. तिने फोनवर एवढेच विचारले, की पर्लला मुक्त होऊ न देणारा विभाग म्हणून आपण पेपरात यावे, अशी माझी इच्छा आहे का? मी म्हणालो, आपण मारलेल्या व्हेलच्या फोटोसह पेपरात येण्यापेक्षा ते बरे.

दुसरा फोन वृषालीचा आला. तोवर आमचे सारे इंग्रजीत चाले. त्या दिवशी ती थेट मराठीतच सुरू झाली.

“काका, रागावू नका, पण तुम्हाला कलमं कळतात, प्राणी नाही कळत. मी तिला रोज बघते. कळप आठवड्याभरात निघून जाईल. मग पुन्हा कधी येईल, सांगा ना.”

“ते मला सांगता येणार नाही.”

“मग? त्या डबक्यात म्हातारी होऊ दे तिला?”

“डॉक्टर, तुम्हाला खात्री आहे ना? मग एकदा शिट्टी वाजवा. नाही आली, तर मी आजच सही करतो आणि तुमची लेखी माफी मागतो.”

मग म्हणाली, “माफीचं पत्र फार लांब लिहू नका.”

राज्याची हद्द बंद असल्याने मला जाता येणे शक्यच नव्हते. परीक्षा व्हिडिओ कॉलवर झाली. बाकी सर्वांना दूर पाठवण्यात आले. वृषाली एकटीच लाकडी फलाटावर उभी राहिली. तिच्या हातात मासा नव्हता, बादली नव्हती. तिने मास्क खाली केला आणि एकदाच शिट्टी वाजवली.

पर्ल तलावाच्या पलीकडच्या टोकाला होती. ती वळली आणि सरळ रेषेत येऊन तिने फलाटावर हनुवटी टेकवली. तोंड उघडून तशीच थांबली. वृषाली मागे सरकली, तरी ती हलली नाही. मग क्रेगला बोलावले; त्याने एक लहान रबरी बोट पाण्यात उतरवून पुन्हा शिट्टी वाजवली. पर्ल त्या बोटीच्या मागे मागे फिरू लागली, इंजिनला जवळजवळ नाक लावून.

वृषाली फलाटावर खाली बसली होती. शेवटी ती इंग्रजीत म्हणाली, “आय विथड्रॉ माय रिपोर्ट.” हे म्हणणे सोपे नव्हते. तिच्याविषयी माझा आदर तेव्हापासूनचा आहे.

कळप निघून गेला. ईमेलमध्ये मला जेलर म्हटले गेले. एका गृहस्थाने तर हिटलर म्हटले. त्यांना मी सविस्तर उत्तर दिले. पुढची योजना वृषालीनेच आखली. पर्लला एका शांत खाडीत, जाळ्याने बंद केलेल्या भागात हलवले. तिथे माणूस तिच्या दृष्टीस पडायचा नाही, असा नियम. जिवंत मासे पडद्यामागून पाइपाने सोडायचे. आणि अधूनमधून शिट्टी वाजवायची, पण मासा द्यायचा नाही. सुरुवातीला ती धावत येई, तोंड उघडून थांबे आणि रिकामीच परत जाई. वृषालीला ते पाहवत नसे. हळूहळू येणे मंदावले. मग शिट्टी वाजली तरी पर्ल वळेनाशी झाली. बोट नेली, तर ती खोल पाण्यात जाऊ लागली.

पुढच्या हंगामात पुन्हा एक कळप किनाऱ्याजवळून गेला, तेव्हा माझी सही तयार होती. पाठीच्या परावर उपग्रहाला संदेश पाठवणारा टॅग लावून पर्लला सोडले. टॅगवरून कळत होते, की ती कळपासोबत उत्तरेकडे जात आहे आणि खोल बुड्या मारीत आहे. काही आठवड्यांनी संदेश थांबले. टॅग गळून पडतात. व्हेलही मरतात. दोहोंपैकी काय झाले, हे सांगण्याचे साधन आमच्यापाशी नव्हते.

फाइल बंद करताना हेलनने मला ‘यशस्वी पुनर्वसन’ असे लिहायला सांगितले. मी नकार दिला. तिने कारण विचारले. तिलाही मी पत्रानेच उत्तर दिले. बऱ्याच ओढाताणीनंतर फाइलवर जे वाक्य राहिले, ते असे: ‘प्राण्याला जगण्याची वाजवी संधी असलेल्या स्थितीत सोडण्यात आले; त्यानंतरची माहिती उपलब्ध नाही.’ वृषालीला हे वाक्य कोरडे वाटले. मला विचाराल, तर कुणालाही मुक्त करणाऱ्याने यापेक्षा मोठा दावा करू नये.